न पाहिलेल्याचा कल

दहावीच्या विद्यार्थ्यांचा कल शास्त्रीय रीतीने जाणून घ्यावा, या स्तुत्य हेतूने महाराष्ट्र शासनाने २०१६ पासून काही वर्षे राज्यभर कलचाचणी घेतली, तेव्हा तिच्यात 'गणवेशधारी सेवा' हेही एक क्षेत्र होते. आणि ज्याने सेनगाव-कळमनुरीकडच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात, झिजल्या बुटांनी, पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी धावणारी पोरे पाहिली आहेत, त्याला हिंगोली जिल्ह्यातील मुलांचा ओढा तिकडे का असावा, हे कळण्यास चाचणीची गरज नाही. शिक्षक, तलाठी, कंडक्टर आणि जमादार एवढीच पगारी माणसे ज्याच्या दृष्टीस पडली, त्याची अभिरुची त्यांच्या पलीकडे जाणार तरी कशी? कल बव्हंशी परिचयातून उत्पन्न होतो, आणि तो परिचय करून देण्याचे काम आपण मार्गदर्शनातूनच वगळले आहे.

उदाहरणार्थ, याच जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. परस्परांशी काटकोन करणाऱ्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असून, त्यांतील नळ्यांत जवळजवळ परिपूर्ण निर्वात राखावयाचा असतो. म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वीच्या कृष्णविवरांच्या टकरीचा कंप टिपण्याचे सारे भाग्य त्या नळीच्या सांध्यावर, अर्थात सांधणाऱ्या वेल्डरच्या हातावर अवलंबून आहे. आयटीआयला 'मार्क कमी पडले म्हणून' जाणाऱ्या पोराला ही गोष्ट सांगणारा कोणी भेटतो काय?

मुलींचे प्रकरण याहून बिकट. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. धाकट्यांसाठी जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहे असतात, पण मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा चौदाव्या वर्षी हात आखडतो, आणि नेमक्या त्याच वयात 'पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची?' हा आईचा सवाल उभा राहतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हा फडावरचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या सवालाचे उत्तर अनेकदा लग्नात का निघते हे निराळे सांगावे लागत नाही. अशा मुलीपुढे शाखांचे तक्ते मांडणे ही क्रूर थट्टा होय. तिला प्रथम हवी ती निजायला सुरक्षित जागा.

दफ्तराचीही एक बाजू आहे, जिच्याकडे विद्वान मंडळी तुच्छतेने पाहतात. तांड्यावरच्या बंजारा मुलाला जातपडताळणीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि निजामी अमदानीतला जुना कागद उर्दूत असला तर तो वाचून देणारा माणूस शोधण्यातच प्रवेशाची मुदत टळते. अशा वेळी तहसील कचेरीत सोबत येऊन अर्ज भरून देणारा गुरुजी मला दहा व्याख्यात्यांहून मोलाचा वाटतो.

मनाच्या दुखण्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे खरा; परंतु घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात असताना सोळा वर्षांच्या मुलीने तो लावावा केव्हा, आणि बोलावे कोणाच्या देखत? शाळेतील एखादी खोली, एक फोन आणि दार लोटून घेण्याची मुभा, एवढी तजवीज मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत सहज बसते. आणि फडावर गेल्याने शाळा सुटलेल्या मुलीसाठी बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्मही असतो. पण तो भरण्याची मुदत उसाच्या गाड्यांची वाट पाहत नाही, म्हणून तिची कागदपत्रे तयार करण्यास पोळ्याच्या सुमारासच बसावे लागेल.