स्वतःविषयींचा संशय

विश्वासघातकी मनुष्य म्हणजे आपल्याहून कोणी निराळ्या जातीचा प्राणी, असें आपण सहज गृहीत धरितों. ख्रिस्ती जगांत ‘यहूदा’ हें नांव तर शिवीसारखें रूढ झालें आहे. आणि शिवी देणारा नेहमींच स्वतःला तिच्या बाहेर ठेवितो. परंतु ज्या कथेंतून हें नांव आलें, ती कथा वाचकाला इतक्या स्वस्तांत सोडीत नाहीं. ‘हें माझ्याही हातून घडूं शकेल’ असें ज्यानें ओळखलें नाहीं, त्याच्या निष्ठेचा पाया कच्चा आहे, असा तिचा आशय आम्हांस दिसतो. आणि त्याचाच येथें थोडा विचार कर्तव्य आहे.

शेवटच्या भोजनाची हकीकत चारही शुभवर्तमानांत आहे. बारा जणांपैकीं एकजण आपणांस शत्रूच्या हवालीं करील, असें येशूनें सांगितलें तेव्हां शिष्यांनीं काय केलें? मत्तय व मार्क यांच्या मतें ते खिन्न झाले, व तो अपराधी आपणच तर नाहीं ना, असें प्रत्येकानें विचारिलें. लूकाच्या वृत्तांतांत, हें करणार तरी कोण, अशी त्यांची आपसांत चर्चा चालते; आणि लागलीच, आपणांत श्रेष्ठ कोण, यावरून वाद जुंपतो! योहानाच्या वृत्तांतांत ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, आणि पेत्र एका शिष्याला खुणावून अपराध्याचें नांव काढून घेण्यास सांगतो. यांपैकीं कोणता वृत्तांत घडल्याबरहुकूम आहे, हा इतिहासज्ञांचा प्रश्न आपण त्यांच्याकडे सोंपवूं. नीतीच्या दृष्टीनें पाहतां येथें दोन भिन्न प्रश्न आहेत : ‘तो कोण?’ आणि ‘तो मी तर नव्हें?’ पहिला प्रश्न विचारणारें मन दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ शोधूं लागतें आणि लौकरच आपला क्रम वर लावून घेतें. लूकानें त्या दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या आहेत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मात्र दुसरा प्रश्नही नुसता तोंडानें उच्चारून भागत नाहीं. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणें, उत्तर पुरतें ठाऊक असतांना यहूदानेंही तोच प्रश्न केला. नम्रतेची भाषा हादेखील एक बुरखा होऊं शकतो.

पेत्राचें उदाहरण याहून अधिक विचार करण्यासारखें आहे. इतर सर्व अडखळले तरी आपण अडखळणार नाहीं, ही त्याची प्रतिज्ञा ढोंगी नव्हती. बागेंत शस्त्रधारी जमाव आला तेव्हां तरवार उपसून घाव घालणारा पेत्रच होता, असें योहान सांगतो. तरवारीपुढें न डगमगलेला हा पुरुष त्याच रात्रीं प्रमुख याजकाच्या वाड्यांत एका दासीच्या साध्या प्रश्नापुढें ढांसळला. मनुष्य ज्या बाजूनें स्वतःला दुबळा समजतो त्या बाजूला पहारा ठेवितो. पडतो तो बहुधा दुसऱ्याच बाजूनें. रणांगणावरचें धैर्य अंगीं आहे, तेव्हां अप्रतिष्ठेपुढें टिकण्याचें धैर्यही असलेंच पाहिजे, असा हिशेब पेत्रानें केला आणि तो चुकला.

पुढील इतिहासानें हाच धडा मोठ्या प्रमाणावर गिरविला. इ. स. २५० मध्यें रोमन बादशहा डेशियस यानें, प्रजाजनांनीं देवतांना बलि अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असें फर्मान काढिलें. असे चाळिसांहून अधिक दाखले इजिप्तमध्यें पपायरसावर लिहिलेले सांपडले आहेत. कार्थेज येथील बिशप सिप्रियन लिहितो कीं, पुष्कळ ख्रिस्ती लोक कोणी धरण्यापूर्वींच आपण होऊन चौकाकडे धांवले. कित्येकांनीं बलि न देतां पैसे चारून दाखला मिळविला, व आपण कांहीं वावगें केलें नाहीं, अशी मनाची समजूत घातली. हीं माणसें राक्षस नव्हतीं. घरदार व मुलेंबाळें असलेलीं, कालपर्यंत मंडळींत नेमानें बसणारीं माणसें होतीं. छळ ओसरल्यावर त्यांना परत घ्यावें कीं नाहीं, हा वाद माजला. रोममधील नोव्हेशियनाच्या पक्षाचें उत्तर ‘नाहीं’ असें होतें. कार्थेजच्या धर्मसभेनें २५१ मध्यें, दोषाचें मान पाहून व प्रायश्चित्त घेऊन, परतण्याचा मार्ग मोकळा ठेविला. खुद्द सिप्रियन छळाच्या वेळीं अज्ञातवासांत गेला होता, व त्याबद्दल त्याला दूषणेंही ऐकावीं लागलीं होतीं. तोच २५८ मध्यें आपल्या श्रद्धेसाठीं मृत्युदंडाला सामोरा गेला.

यावर कोणी म्हणेल कीं, विश्वासघात आपल्या हातून होऊं शकेल असें मानणारा मनुष्य तो करण्यास अर्धा तयारच झाला. आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. संभव आणि कृत्य यांत अंतर आहे, व नीतीचें सारें कार्य त्या अंतरांतच चालतें. घराची कोणती भिंत कच्ची आहे हें ज्याला ठाऊक आहे, तो मृगापूर्वीं तीच लिंपून घेतो. गेथशेमाने बागेंत जागे राहून प्रार्थना करण्याची आज्ञा झाली असतां पेत्राला झोंप लागली. ज्याला आपल्या पडण्याची शंकाच नाहीं, त्याला जागरणाची निकड कशी वाटावी?

दुसरा धोका निराशेचा आहे, आणि तो अधिक खरा आहे. यहूदालाही पश्चात्ताप झाला. रुप्याचीं तीस नाणीं त्यानें परत नेऊन टाकिलीं, असें मत्तय सांगतो. परंतु त्या एका कृत्यांत त्याला आपलें अंतिम स्वरूप दिसलें व त्यानें गळफास घेतला. पेत्रही रडला, पण आपल्या सोबत्यांत परतला. पुढें सरोवराच्या कांठीं, इतरांहून अधिक प्रेम करितोस काय, असें येशूनें त्याला विचारिलें, अशी हकीकत योहानानें दिली आहे. पेत्रानें प्रेमाची कबुली दिली. ‘इतरांहून अधिक’ या शब्दांना मात्र त्यानें स्पर्श केला नाहीं. पूर्वीं न विचारतां केलेली तुलना आतां विचारूनही तो करीत नाहीं. मेंढरें राखण्याचें काम त्याला सोंपविलें गेलें तें यानंतर.