पाव नवरा, निम्मा पगार

आपण आहोत कशावरून, हा प्रश्न तत्त्ववेत्त्यांना शेकडो वर्षे छळत आला आहे. बँकेत इतक्या खोलात जायची गरज पडत नाही. बहुतेक पेन्शनरांच्या बाबतीत तो दर नोव्हेंबरात निकालात निघतो. हयातीचा दाखला दिला, तर माणूस आहे. नाही दिला, तर तो काउंटरसमोर उभा राहून आमच्या शाखेचा उद्धार करत असला, तरी नाही. २०१४ पासून बोटाच्या ठशावरही हयात सिद्ध करता येते. आयुष्यभर कष्ट करून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांना मात्र यंत्र मधूनमधून मृत ठरवते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध फक्त जमा आणि खर्च जुळत नाहीत तेव्हा येतो. आणि जमाखर्च न जुळणारी एक गोष्ट गेली काही वर्षे माझ्या डोक्यात घर करून बसली आहे. ती म्हणजे फौजी पेन्शन. पेन्शन म्हणजे नेमके काय? बक्षीस? दान? राहिलेला पगार? की एखाद्या गोष्टीची किंमत?

आता तुम्ही म्हणाल, फौजी पेन्शन आणि बँकेतला कारकून यांचा संबंध काय? पूर्वी चांगला होता. आता बहुतेक फौजी पेन्शनींचा हिशेब प्रयागराजच्या कार्यालयाकडून 'स्पर्श' नावाच्या संगणकी व्यवस्थेतून होतो. ज्या व्यवस्थेत कुणाचा कुणाला हात लागत नाही, तिला स्पर्श हे नाव ज्याने सुचवले, त्याची विनोदबुद्धी माझ्यापेक्षा वरच्या श्रेणीची असली पाहिजे. पण संगणकाने काय दिले ते समजावून घ्यायला माणसे अजून माणसाकडेच येतात. आमच्या शाखेत तो माणूस मी.

आणि माझा पहिला गिऱ्हाईक म्हणजे आमच्या दारात बंदूक घेऊन उभे असणारे मेजर. खरे म्हणजे ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण साताऱ्याकडे पलटणीतून परत आलेल्या माणसाला गाव आपल्या अधिकारात मेजर करून टाकते. "बढती गावानं दिली साहेब, पेन्शन सरकारनं दिली. दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही," असे ते म्हणतात.

रोज पासबुक भरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. रोज नवीन नोंद नसते, पण घरी रोज सूनबाई असतात. एकदा ते मेजरांकडे बघत मला म्हणाले, "चव्वेचाळिसाव्या वर्षी पेन्शन! आम्ही अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत खुर्ची झिजवली. वर ह्यांना इथला पगार. सरकारचे जावई आहेत हो!" मेजरांनी ऐकले. त्यांची मिशीसुद्धा हलली नाही. शिस्त म्हणतात ती हीच असावी.

मी मात्र अस्वस्थ झालो. कारण बोलणे ऐकायला लागट असले, तरी प्रश्न खोटा नव्हता. दोन माणसे, दोघेही सरकारी नोकर. एकाला चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी बसून पेन्शन, दुसऱ्याला अठ्ठावन्नाव्या. हा न्याय कसा? मी कागद ओढला.

जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते, अधिकाऱ्याला २०. मेजरांची झाली २४. शेवटचा मूळ पगार ४०,४०० रुपये. त्यात सैनिकी सेवेचे म्हणून मिळणारे ५,२०० मिळवले की ४५,६००. याच्या निम्मी, म्हणजे २२,८०० रुपये पेन्शन. वर महागाई भत्ता. ग्रॅच्युइटी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, म्हणजे २४ वर्षांना १२ महिन्यांचा.

यानंतर येते ते सरकारी मराठीत 'अंशराशीकरण'. हा शब्द उच्चारता येईपर्यंत माणूस निवृत्त होतो, म्हणून सगळे जण 'पेन्शन विकली' म्हणतात. फौजेतल्या माणसाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. मेजरांनी पूर्ण निम्मी विकली. महिन्याचे ११,४०० सोडायचे, त्यांच्या बारा महिन्यांना कोष्टकातल्या आकड्याने गुणायचे. त्या वयाला हा आकडा नऊच्या आसपास असतो. म्हणजे हातात सुमारे १२ लाख ३० हजार. आणि १५ वर्षांत सोडलेली रक्कम २० लाख ५२ हजार. पंधरा वर्षांनी विकलेली पेन्शन परत सुरू होते.

"मेजर, हे कर्जच झालं की," मी म्हणालो.

"कर्ज कसलं साहेब? घराचा स्लॅब पडला. पेन्शन काय, डोक्यावर धरता येत नाही."

माझे सगळे व्याजाचे शास्त्र त्या स्लॅबखाली गेले.

पण मूळ प्रश्न राहिलाच. चव्वेचाळीसच का? तर फौजेला तरुण पाय लागतात. डोंगर चढणारे गुडघे पन्नाशीनंतर डोंगराकडे पाठ करतात. म्हणून फौज माणसाची उमेदीची वर्षे ठेवून घेते आणि उरलेला माणूस घरी पाठवते. तेव्हा पोरगी सहावीत असते आणि पोरगा सायकल मागत असतो. पासबुकवाल्या गृहस्थांना सरकारने अठ्ठावन्नपर्यंत खुर्ची दिली, ती काही शिक्षा म्हणून नव्हे. मेजर चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी आले, ते काही कंटाळा आला म्हणून नव्हे. घरी आल्यावर आठ महिन्यांत ते आमच्या दारात उभे राहिले. जावई माणूस सासऱ्याकडून निघून दुसऱ्याच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, हे मी तरी प्रथमच पाहिले.

एवढे सगळे मांडून मी विजयी मुद्रेने मेजरांना म्हणालो, "म्हणजे हिशेब बरोबर आहे. सरकारनं तुमच्या २४ वर्षांचं मोल केलं."

ते म्हणाले, "आता माझा हिशेब मांडा. वर्षाला ६० दिवस मोठी रजा, ३० दिवस छोटी. सगळी मिळाली असं धरू. वर्षाचे झाले तीन महिने. २४ वर्षांचे किती?"

"बहात्तर महिने. सहा वर्षं."

"माझं लगीन आणि भरती एकाच साली. क्वार्टर नशिबात आली नाही. म्हणजे २४ वर्षांत बायकोला नवरा मिळाला सहा वर्षं. पाव नवरा. तिनं पाव नवऱ्यावर संसार केला, म्हातारी सांभाळली, रान पेरलं. मग मी निम्म्या पगारावर कुरकुर कशी करू?"

माझ्याकडे गणकयंत्र होते. ते मी हळूच खणात ठेवले.

कारण ही नोंद कुठल्या रकान्यात घालायची? पुढचा आकडा तर मी त्यांना सांगितलासुद्धा नाही, त्यांना तो माझ्याआधीच ठाऊक होता. मेजर साध्या आजाराने गेले, तर काही बाबतींत सुरुवातीची काही वर्षे थोडे जास्त मिळते, पण नंतर बाईंना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. सेवेत असताना सेवेच्या कारणाने, समजा कामावरची जीप उलटून मृत्यू आला असता, तर ६० टक्के. शत्रूच्या गोळीने आला असता, तर पूर्ण १००. घरातली चूल तिन्ही बाबतींत तेवढीच लाकडे मागते. तरीही हा फरक करणाऱ्याला मी निर्दय म्हणू शकत नाही. गोळीसमोर उभा राहिला त्याच्या घराला काहीच कमी पडू नये, ही भावना चांगलीच आहे. पण चांगल्या भावनेचे टक्के केले की खाली कुणीतरी ३० टक्क्यांवर उरतेच. आणि ते कुणीतरी बहुधा पाव नवऱ्यावर संसार केलेलीच असते.

म्हणजे पेन्शन ही किंमत नव्हे. किंमत म्हणायची, तर ती फारच स्वस्तात पडली.

मग दान? हे मात्र न्यायालयानेच निकालात काढले आहे. १७ डिसेंबर १९८२ या दिवशी नाकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीने दिलेली खिरापत नव्हे, तो हक्क आहे. १९७९ साली पेन्शनचे नवे, उदार सूत्र आले होते, पण ठरावीक तारखेच्या आधी निवृत्त झालेल्यांना ते लागू नव्हते. मुलकी नोकरांना ३१ मार्च, फौजेला १ एप्रिल. केवळ कॅलेंडर आडवे आले म्हणून म्हातारा कमी म्हातारा होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा आपला सण मानतात. त्या दिवशी चहा ते स्वतःच्या पैशाने पितात, हे मी पाहिले आहे.

'समान हुद्दा, समान पेन्शन' हे भांडणही याच घराण्यातले. एकाच हुद्द्याचे, तेवढ्याच सेवेचे दोन हवालदार. एक आधी घरी आला, एक नंतर. आधीच्याची पेन्शन कमी. २०१५ साली म्हाताऱ्या फौजींनी दिल्लीत जंतर-मंतरवर ठाण मांडले आणि त्या नोव्हेंबरात आदेश निघाला. १ जुलै २०१४ पासून लागू, पुढे दर पाच वर्षांनी फेरहिशेब. मागणी पैशाची होती, पण दुखणे वेगळे होते. आपण जुने झालो म्हणून आपला बर्फ कमी थंड होता का, हे ते दुखणे.

पेन्शन अडवण्याचे परिणाम मराठी माणसाला कुणी शिकवायला नकोत. दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी सालीना आठ लाख रुपये देऊन ब्रह्मावर्तास बसवले. १८५१ साली तो वारला आणि दत्तक पुत्र नानासाहेबांना ती पेन्शन नाकारली. सहा वर्षांनी काय झाले ते शाळेच्या पुस्तकात आहे. १८५७ ला कारणे अनेक होती हे खरे, पण त्यांत एक पेन्शनची फाइलही होती, हे प्रत्येक हिशेबनीसाने ध्यानात ठेवावे.

गेल्या महिन्यात मेजरांचा पुतण्या आला. भरतीसाठी पहाटे धावतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेचा हिशेब त्याला हवा होता. मी मांडला. चार वर्षे सेवा. नंतर फार तर २५ टक्के पोरे कायम होतात. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी. त्यात साधारण निम्मे त्यांच्याच पगारातून कापलेले, तेवढेच सरकारचे, वर व्याज. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आकडा स्वच्छ आहे, लपवाछपवी काही नाही. देशाची तिजोरीही बेसुमार नसते, हे बँकेतल्या माणसाला सांगावे लागत नाही. माझी स्वतःची पेन्शन शेअरबाजाराच्या मनःस्थितीवर अवलंबून आहे, तेव्हा मी कुणाला काय सांगणार?

पोरगा म्हणाला, "म्हणजे चार वर्षांनी हिशेब मिटला?"

"मिटला."

"मग नंतर गुडघा दुखला तर तो माझा, का त्यांचा?"

सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी भरपाईचे कलम योजनेत आहे; ते मी त्याला वाचून दाखवले. तो ऐकून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा धावला. पण त्याने विचारले होते ते कलमाबद्दल नव्हते.

बँकेत दोन प्रकारची खाती असतात. एक, ज्यातली सगळी बाकी फेडली की खाते बंद होते आणि दोन्ही पक्ष एकमेकांचे कुणी राहत नाहीत. दुसरी ठेव. ठेवीदाराने मुद्दल आधी आणून दिलेले असते. त्याला व्याज देताना 'जावई' म्हणण्याची हिंमत कुठलाही मॅनेजर करत नाही. फौजी माणूस दुसऱ्या प्रकारात बसतो. त्याने मुद्दल तरुणपणीच भरले. ते परत करण्याची सोय कुठल्याही सरकारकडे नाही. अठरा दिवाळ्या कुठून आणायच्या? तेव्हा आपण दर महिन्याला व्याज भरतो आणि मुद्दल फिटले नाही, हे कबूल करतो. पेन्शनचा अर्थ माझ्या मते एवढाच. ती रक्कम कमी असू शकेल, जास्त असू शकेल, त्यावर वेतन आयोगांनी खुशाल भांडावे. फक्त खाते बंद झाले, असे कुणी म्हणू नये.

पासबुकवाल्या गृहस्थांना मी हे सगळे समजावले. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते खरं हो, पण व्याजाचा दर काय म्हणालात?"