संबळाचे बोल आणि असत्याची शक्यता

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे योगेश्वरीचे क्षेत्र. या प्रदेशात मंगलकार्यानंतर कुलदेवीचा गोंधळ घालण्याची प्रथा आहे. चौक मांडून, दिवटी पेटवून देवदेवतांना आवाहन केले जाते आणि पदांच्या मधल्या जागेत संबळ एकटे वाजते. शब्द थांबलेले असतात, तरीही श्रोत्यांपर्यंत काही पोहोचते. या संप्रेषणाला भाषा म्हणावे काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतीचाही आहे.

गोंधळ्यांच्या परंपरेत एक खरोखरीची सांकेतिक भाषा आहे. तिला करपल्लवी म्हणतात. श्रोत्याने एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगावे, त्याने बोटांच्या खुणांनी अक्षरे दाखवावीत आणि दूर उभ्या असलेल्या साथीदाराने ते नाव उच्चारावे. येथे संकेत निश्चित आहेत आणि श्रोता त्यांतून वगळलेला आहे. कौशल्य म्हणून दाखविली तर करपल्लवी कला ठरते. दैवी साक्षात्कार म्हणून खपविली तर फसवणूक. ज्याच्या साहाय्याने खोटे बोलता येते ते चिन्ह, अशी कसोटी उंबेर्तो एको यांनी चिन्हमीमांसेला लावली. करपल्लवी या कसोटीला उतरते. संबळ उतरत नाही, कारण त्याच्या बोलांत विधानच नसते.

परंतु विधानाचा अभाव म्हणजे अर्थाचा अभाव नव्हे. गीतातील नादाला वाचकत्व नसले तरी रसव्यंजकत्व असते, हे नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त मान्य केले आहे. ही व्यंजना सहृदयावाचून पुरी होत नाही. करपल्लवीचे यश श्रोत्याच्या अनभिज्ञतेवर अवलंबून असते. संबळाचा अर्थ त्याच्या सहभागावर.

मग संबळवादक सर्वस्वी निर्दोष ठरतो काय? तसे म्हणता येत नाही. त्याचे असत्य वस्तुस्थितीविषयी नसून नात्याविषयी असते. समोरच्या घराकडे लक्ष न देता ठरलेले बोल उरकणे किंवा केवळ टाळ्यांसाठी लय चढविणे हे संबोधनाचे ढोंग होय. सांस्कृतिक महोत्सवाच्या रंगमंचावर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथे यजमान नसतो, कुळाचार नसतो. तेवढ्यावरून ते वादन खोटे ठरविणे घाईचे होईल. तेथील प्रेक्षकाला सहृदय मानून वाजविणे शक्य आहे, तसेच गिऱ्हाईक मानून वाजविणेही शक्य आहे. दोन्ही वेळी बोल तेच असू शकतात. म्हणून केवळ बोलांची नोंद करणाऱ्या लोककलेच्या अभ्यासाला हा भेद सापडणार नाही. त्यासाठी श्रोत्यालाही संहितेचा घटक मानावे लागेल.