एकाच डोक्यात ठेवलेलं

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याहून लांब. गोळ्या आणायच्या त्या मुद्दाम परगावाहून. रांगेत ओळखीचं कुणी भेटायला नको. डबीवरचं लेबल एसटीतच खरवडून टाकायचं. घरी कुणी विचारलं तर, ‘बीपीची आहे.’ सीमाभागातल्या कितीतरी घरांत ही गोष्ट वर्षानुवर्षं अशीच पोटात राहिली आहे.

एचआयव्हीवरची मोफत औषधं सरकारनं १ एप्रिल २००४ला सुरू केली. त्याआधी हा आजार ऐन उमेदीतली माणसं न्यायचा. तेव्हा तिशीत असलेली, औषधानं तगलेली माणसं आता पन्नाशी ओलांडून गेलीत. म्हातारपण येईल हे कुणी धरलंच नव्हतं.

हा विषाणू लागण झाल्यावर काही आठवड्यांतच मेंदूत पोचतो. औषधानं रक्तात तो सापडेनासा झाला, तरी मेंदूत बारीक धग राहू शकते. पूर्वीसारखा भीषण स्मृतिभ्रंश आता विरळा. पण विचार मंदावतो, हिशेब चुकतो, हात अडखळतात. हे ओळखायच्या २००५च्या एका चाचणीला अक्षरओळखही लागत नाही: चार शब्द लक्षात ठेवायचे, बोटांची भराभर उघडझाप करायची, हाताच्या तीन खुणा क्रमानं करायच्या. निपाणीत जन्मभर बिड्या वळलेल्या मावशींना आपली बोटं मंदावल्याचं डॉक्टरांच्या आधी कळेल. घरचे म्हणतील, वय झालं. असेलही. शिवाय थायरॉइड, बी-१२ची कमतरता, मनाची उदासी यांनीही विसरायला होतं, आणि त्यांवर तर इलाज आहे.

मला धास्ती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. गुपित एकाच डोक्यात ठेवलंय, आणि तेच डोकं विसरायला लागलंय. ‘बीपीची’ गोळी राहिली तर सून म्हणणार, ‘राहू द्या, उद्या घ्या.’ तिला काय ठाऊक, या गोळ्या वरचेवर चुकल्या की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो? रुग्णाची माहिती गुप्त राखायला २०१७चा कायदा आहे, आणि तो हवाच. गोळीची आठवण करून द्यायला मात्र घरातलंच माणूस लागतं.

तेव्हा पुढच्या खेपेला गोळ्या आणायला जाताना भरवशाचं एक माणूस बरोबर न्या. बहीण, थोरली लेक, नाहीतर जिवाभावाची मैत्रीण. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, हल्ली विसरायला होतंय.