रंग आणि ऐब

रंग लावणं ही दुरुस्ती की लपवणूक? हा प्रश्न मला धनजला, आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली पडला.

मुलीच्या फीसाठी घरची जुनी मोटार विकायची होती. आतलं रेक्झिन पार तडकलेलं. वऱ्हाडचं ऊन माणसाला सोडत नाही, तिथं रेक्झिनची काय कथा! रेक्झिन हे मूळ एका इंग्रज कंपनीचं नाव. आज आपण त्या नावानं ओळखतो ते बहुधा विनाइल, म्हणजे पीव्हीसी. हे प्लास्टिक मुळात कडक. तेलासारखं द्रव्य मिसळून ते मऊ करतात. उन्हानं ते द्रव्य हळूहळू उडतं, काचेवर धुरकट थर होऊन बसतं, आणि मागं उरलेलं विनाइल ठिसूळ होतं.

कारंज्याहून कुशनचं काम करणारे चाचा आले. त्यांनी साबणाच्या पाण्यानं सीटा घासल्या, वर्षानुवर्षांचं पॉलिश पुसून काढलं. ‘‘चिकटपणा राहिला तर रंग पापडासारखा सुटतो, बेटा.’’ फाटलं तिथं नवं रेक्झिन शिवलं, बाकी ठिकाणी रंगाचे पातळ हात दिले. डॅशबोर्डला चकाकी दिली नाही. चकाकीचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता दिसेनासा होतो.

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजला होता. मी म्हणालो, ‘‘चाचा, त्यावर नवं मॅटिंग टाकून द्या.’’

त्यांचा हात थांबला. ‘‘टाकतो. पण घेणाऱ्याला सांगशील ना?’’

मला राग आला. ईदला आपण भिंतींना चुना देतो, पिकल्या केसांना मेंदी लावतो; तेही खोटंच का? चाचा काही बोलले नाहीत.

रात्री विचार करत पडलो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १७ वं कलम आठवलं. नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक ठरत नाही. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं, ही ठरते. फिकहमध्ये मालात ऐब निघाला तर तो परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. पैगंबरसाहेबांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसानं भिजलं, असं विकणारा म्हणाला. मग भिजलेलं वर का ठेवलं नाही, असा त्यांचा सवाल होता. पाऊस हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. गंज हा माझाही नव्हता. झाकणं मात्र आमच्याच हातचं.

सीटेचा रंग खोटं बोलत नाही. गाडी जुनी आहे हे कुणालाही दिसतं, आणि सीट खरोखरच पुन्हा बसण्याजोगी झालेली असते. मॅटिंगखालच्या पत्र्यावर मात्र कुणीतरी विश्वासानं पाय ठेवणार असतो. घेणाऱ्याला सांगूनही जो रंग टिकतो, ती दुरुस्ती. सांगताच जो उतरतो, ती लपवणूक.

अर्थात गरजवंताला खरं बोलणं महाग पडतं, हेही खरंच. गिऱ्हाईक आलं, सोबत बायको आणि लहान मूल. मी पत्रा दाखवला. त्यानं वेल्डिंगचा खर्च वजा केला आणि गाडी नेली. फीला पैसे कमी पडले. भावाकडून उसने घेतले, ते फेडायला सात महिने लागले.

चाचांनी मॅटिंगचे पैसे घेतले नाहीत. ते टाकलंच नव्हतं.