रूपांतर आणि शुद्धी

उकळून मद्यार्क व वायू घालवलेल्या थंड बिअरमध्ये कॉस्टिक सोडा बेताने विरघळवून ते द्रावण योग्य प्रमाणात तेलात घोटले, म्हणजे ४ ते ६ आठवडे मुरून जो साबण सिद्ध होतो, त्यात ना दाहक क्षार उरतो, ना मादक पेय. मग सुरापानाला महापातक गणणाऱ्या धर्मनिष्ठाने तो त्याज्य मानावा काय?

इस्लामी न्यायशास्त्राच्या हनफी संप्रदायातील फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, अशा वादाचा निवाडा पूर्वीच केला आहे : वस्तूचे स्वरूप पालटले, की तिचा हुकूमही पालटतो, म्हणून मद्याचा झालेला सिरका आणि नापाक तेलाचा झालेला साबण त्यांनी शुद्ध ठरवला. हा निवाडा मला न्याय्य वाटतो, कारण अशुद्धी द्रव्याच्या कुळात नसून गुणात व विनियोगात असते. आणि जे द्रव्याला मान्य, ते मनुष्याला नाकारण्याची सनद कोणत्या धर्माला आहे?