उच्छ्वासापाशी

दिवा अजून मालवू नका.

पलंगाच्या कडेला बसा. पावलं फरशीला टेकू द्या. फरशी गार आहे. तो गारवा तळव्यांना कळू द्या.

घरातले आवाज एकेक करून मागे पडतायत. स्वयंपाकघरात भांडी पालथी घालून झाली. कुणीतरी दाराला कडी लावली. डोक्यावर पंखा फिरतोय.

उशाशी स्टुलावर ते यंत्र आहे. सीपॅप. झोपेत श्वास अडण्याच्या आजारासाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आणलेलं. त्याची लांब नळी, आणि तिच्या टोकाला मास्क.

यंत्र इतक्यात चालू करायचं नाही. नळी सोडवून बाजूला ठेवा. मास्क तेवढा हातात घ्या.

तळहातावर त्याचं वजन बघा.

आता त्याच्या कडेवरून अंगठा फिरवा. सावकाश. नाकाभोवती टेकणारी ही सिलिकॉनची कड फार पातळ आहे. बोट लागलं की दबते, काढलं की वर येते. पुन्हा दाबा. पुन्हा सोडा.

नव्या प्लॅस्टिकचा वास येतोय. येऊ दे.

पट्ट्याचं वेल्क्रो उचलून पाहा, परत चिकटवा. तो चर्र आवाज ऐका. मध्यरात्री अंधारात हाच आवाज होणार आहे. आत्ता उजेडात त्याची ओळख करून घ्या.

मास्कच्या पुढच्या बाजूला, नळी जोडतात त्याच्या आसपास, अगदी बारीक भोकं असतील. काही मास्कवर ती ओळीने असतात, काहींवर बारीक जाळी असते. बोटाने शोधा.

सापडली? बोट तिथेच असू द्या.

आज आपल्याला या भोकांपाशी बसायचं आहे.

मास्क नाकाशी धरा. हातानेच. पट्टे नकोत. मनात येईल तेव्हा खाली घेता येईल, इतक्या सैल हाताने.

श्वास आत येतोय. येऊ द्या.

श्वास बाहेर जातोय. जाऊ द्या.

मास्क खाली घ्या. मांडीवर ठेवा. थोडं थांबा.

परत धरा.

एवढंच करत राहिलात तरी आजची रात्र कारणी लागली. काही जण पुढचे चार दिवस एवढंच करतात. दुपारी पेपर वाचताना, संध्याकाळी टीव्हीसमोर, मास्क नाकाशी धरून बसतात. तेही चांगलं आहे. झोपेची घाई नसते तेव्हा चेहरा लवकर शिकतो.

आता डोळे मिटा. लक्ष घशाकडे न्या.

गिळून पाहा. तिथे काहीतरी हललं. मऊ, ओलं, जिवंत.

झोप लागते तेव्हा सगळं अंग सैल पडतं. मूठ उघडते. जबडा सुटतो. जीभ मागे सरकते. घशाच्या त्या भागाला हाडाचा आधार नाही. नुसते स्नायू आणि मऊ पडदे. तेही सैल पडतात.

वाट अरुंद झाली की जाणाऱ्या हवेने पडदे थरथरतात. आपण घोरू लागतो.

वाट पुरती मिटली की घोरणंही थांबतं. खोली एकदम शांत होते.

ही शांतता शेजारी झोपणाऱ्या माणसाला ठाऊक असते. ते माणूस उशीवरून मान उचलतं आणि ऐकत राहतं. छाती हलतेय. पोट हलतंय. हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरत चाललाय. मग मेंदू हाक मारतो, अंगाला गचका बसतो, हवा जोराने आत शिरते. शेजारचं माणूस परत उशीवर डोकं टेकवतं. झोपलेल्याला सकाळी यातलं काही आठवत नाही.

किमान 10 सेकंदांचा थांबा झोपेच्या तपासणीत मोजला जातो. श्वास अडण्याचे आणि उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला 30 झाले की आजार तीव्र समजतात. म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. रात्रभर.

आपल्याकडे घोरणाऱ्याला ढाराढूर झोपलेला म्हणतात. मला हे फार लागतं. तो माणूस रात्रभर राबत असतो. सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या जागी डुलकी, ब्लडप्रेशर चढलेलं. आणि वर घरच्यांची थट्टा.

हे कष्ट तुमच्या छातीने वर्षानुवर्षं केलेत.

छातीवर हात ठेवा. ठेवलेला राहू द्या. ती वर येते. खाली जाते. तिला आज कुणी घाई करत नाही.

प्राणायाम केला असेल तर पूरक, कुंभक, रेचक ठाऊक असतील. कुंभकात आपण जागेपणी, आपल्या मर्जीने, मोजून थांबतो. झोपेतला थांबा कुणाच्या मर्जीने येत नाही. म्हणून आज कुंभक सोडून देऊ. पूरक, म्हणजे श्वास घेणं, आपसूक होतो. आपण रेचकाशी, म्हणजे श्वास सोडण्याशी, राहू.

श्वास सोडा.

तो कुठे संपतो ते बघा.

आणखी एकदा.

एक जुनी गोष्ट सांगतो. बसून ऐका, हात छातीवरच असू द्या.

1980 सालापर्यंत हा आजार फार वाढला, तर गळ्याला छेद देऊन श्वासाला वेगळी वाट करून देत. त्या साली सिडनीत कॉलिन सुलिव्हान या डॉक्टरांनी नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवून पाहिली. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलट्या दिशेने वापरली. मास्क रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन बनवला. 1981 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव छापला. वर्षानुवर्षं झोपेला मुकलेली माणसं सलग झोपली होती.

तुमच्या स्टुलावरचं यंत्र त्याच कुळातलं आहे. त्याचं काम आजही तेवढंच.

प्लॅस्टिकच्या ओल्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटून बसतात. फुंकर घातली की सुटतात. घशात हवा हेच करते.

श्वास यंत्र घेत नाही. श्वास तुम्ही घेता. तुम्हीच सोडता. यंत्र वाट मिटू देत नाही.

हे मनात एकदा सावकाश म्हणा. श्वास माझा आहे.

डोळे उघडा. उशाशी तांब्या-भांडं असेल. भांड्यात पाणी ओता. आत बघा. तळ दिसतोय.

यंत्राचा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. समजा तुमच्यासाठी 10 सेंटिमीटर ठरवला आहे. 10 सेंटिमीटर खोल पाण्याच्या तळाशी असतो, तेवढा तो दाब. या भांड्याच्या तळाशी असतो, जवळपास तेवढाच. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब याच मापात हजारावर भरतो. आपण त्यात जन्मापासून वावरतोय. यंत्र त्यात शंभरावा भाग मिळवतं.

एक घोट प्या. ओठ ओले होऊ द्या.

आता नळी यंत्राला जोडा. यंत्र चालू करा.

आवाज ऐका. आधी बारीक सूं. मग नळीतून वाहणारी हवा. लगेच मास्क लावू नका. नळीचं तोंड गालाजवळ आणा. गालावर झुळूक येतेय. मनगटावर घ्या. कपाळावर घ्या.

बहुतेक यंत्रांत दाब हळूहळू चढवायची सोय असते. तिला रॅम्प म्हणतात. ती चालू ठेवा. दाब 4 सेंटिमीटरसारखा अगदी कमी सुरू होतो आणि झोप येईतो सावकाश वाढतो.

नळी मास्कला जोडा. मास्क नाकाशी आणा. अजूनही हातानेच.

श्वास घ्या. हवा सहज आत येते. थोडी जास्तच सहज.

श्वास सोडा.

इथे काहीतरी होतं. समोरून हवा येतेय आणि आपल्याला तिच्याकडे श्वास सोडायचाय. छाती दचकते. वाटतं, अडलं. वाटतं, कोंडलं. हात मास्क ओढायला निघतो.

ओढावासा वाटला तर ओढा. कुणी रागावणार नाही. दोन श्वास मोकळे घ्या.

परत धरा. आणि या वेळी दुसरा तळहात त्या बारीक भोकांपुढे आणा. अगदी जवळ.

तळहाताला झुळूक लागतेय. गार.

आता श्वास सोडा.

झुळूक कोमट झाली.

पुन्हा. श्वास आत. तळहात गार.

श्वास बाहेर. तळहात कोमट.

ही ऊब तुमची आहे. तुमच्या फुप्फुसांतून निघाली, नाकातून आली, या भोकांतून बाहेर पडली. भोकं त्यासाठीच ठेवली आहेत. ती कधी बंद होत नाहीत.

गेला श्वास. अडला नाही.

तळहात तिथेच ठेवा. गार. कोमट. गार. कोमट.

मोजू नका. लांबवू नका. सोडायचं काम संपलं की पुढचा श्वास आपण होऊन येतो. त्याला वाट दिसते.

गार.

कोमट.

छाती दचकायची थांबली का? नसेल थांबली तर तिला दचकू द्या. तुमचं लक्ष तळहातावर आहे.

पुरे वाटेपर्यंत इथेच बसा. मला विचाराल तर या आजाराच्या माणसाला सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. मास्कची भीती वाटते ती उच्छ्वासाच्या वेळी. आपली ऊब आपल्याच तळहाताला रोज लागली की भीती उतरते, काहींची लवकर, काहींची महिनाभराने.

आता आडवे व्हा. कुशीवर झालात तर बरं.

पट्टे आडवे झाल्यावर बसवा. बसलेला चेहरा वेगळा असतो आणि उशीवरचा वेगळा. पट्ट्याखाली बोट सरकलं पाहिजे. मास्क चिमटीत धरून जरासा पुढे ओढा आणि परत टेकवा. आतली कड हवेने फुगते आणि नीट बसते.

भोकांमधली झुळूक शेजारच्या माणसाच्या तोंडावर जात असेल तर जरा वळा. तेही कधीपासून जागं आहे. त्याला आज ऐकत राहायचं कारण उरणार नाही.

मास्क नुसत्या नाकाचा असेल तर ओठ मिटा. जीभ टाळूला टेकवा. तोंड उघडलं तर हवा तिथून निसटेल. घाबरू नका, मिटून घ्या.

दिवा मालवा.

अंधार. पंखा. बारीक सूं.

मनात येईल, रात्री लाइट गेली तर? जाऊ दे. नुसत्या नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळं आहे. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये अशा वेळी आपोआप उघडणारी झडप असते. जाग येईल, मास्क काढाल. घशाची ती राखण तुमच्या शरीराने इतकी वर्षं केलीच आहे.

मन पुन्हा तळहाताकडे आणा. हात आता चादरीवर आहे. तरी ती ऊब आठवते.

श्वास बाहेर.

सोडा.

पहाटे जाग येईल आणि मास्क उशीखाली सापडेल. झोपेत हाताने कधी काढला ते कळणारही नाही. असं पुष्कळांचं होतं. घड्याळात तास उरले असतील तर परत लावा. दोन तास लागला, दोन तास घसा उघडा राहिला. उद्या अडीच होतील.

सकाळी मास्कची कड कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने पुसून घ्या, सावलीत वाळवा. यंत्राला ओलाव्याची टाकी असेल तर उरलेलं पाणी ओतून टाका, रात्री ताजं डिस्टिल्ड वॉटर भरा. यंत्र पलंगाच्या पातळीखाली ठेवा, म्हणजे नळीत साठलेलं पाणी नाकाकडे येणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती. नाकाच्या हाडावर वळ उठत असेल, कडेची हवा डोळ्यांत जात असेल, घसा कोरडा पडत असेल, पोट फुगत असेल, तर सोसत बसू नका आणि पट्टेही आवळू नका. मास्कचे आकार आणि मापं अनेक असतात. दाबही तपासून बदलता येतो, पण तो डॉक्टरांनीच बदलावा. यंत्र कपाटात ठेवून देण्याआधी त्यांना एक फोन करा.